न्यूयॉर्क ते कामाठी बाग

परदेशी शिकायला जाणं ही आज मराठी घरांत बँकेच्या कर्जाची आणि व्हिसाच्या तारखेची गोष्ट आहे. दीडशे वर्षांपूर्वी ती जातीबाहेर पडण्याची गोष्ट होती. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, परतलेल्यानं प्रायश्चित्त घ्यावं, असा दंडक होता. त्या काळात, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा, नवरा सोबत नाही. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ अवघ्या दहा दिवसांत गेलं होतं. डॉक्टर व्हायचं ते त्या दुःखातून. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि पुढच्या फेब्रुवारीत त्या पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झालेली होती, ती तशीच राहिली.

इतक्या दूर जाऊन आनंदीबाईंनी विषय निवडला तो आपल्याच बायकांच्या बाळंतपणाचा. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण पुढे न्यूयॉर्कमध्ये आणखी एका तरुणानं हेच केलं.

१९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले तेव्हा बावीस वर्षांचे होते. बडोद्याच्या सयाजीरावांनी तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. अट एवढीच, की परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. जॉन ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक, वसतिगृहात नवल भथेना हा पारशी मित्र. शाळेत ज्याला वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसावं लागलं होतं, तो इथे सगळ्यांबरोबर एका टेबलाशी बसत होता. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला, तो भारतातल्या जातींवर. ज्या व्यवस्थेनं लहानपणी पाण्याला शिवू दिलं नाही, ती आता अभ्यासाचा विषय झाली होती. सोसलेल्या गोष्टीची उकल करता येणं, यापेक्षा मोठी वाढ मला तरी ठाऊक नाही.

न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी आठवणींत लिहिलंय. बडोद्याला उतरल्यावर राहायचं कुठे, या प्रश्नानं ती परत आली. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. शहरात कुणीच थारा दिला नाही, तेव्हा मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. तिकडे मोठा झालेला माणूस इकडे कुठेच मावत नव्हता.

म्हणूनच १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले याचं मोल मोठं. त्या खेपेला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांनी उसने पैसे दिले. १९२३ मध्ये अर्थशास्त्रातली डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी घेऊन ते मुंबईत परतले. चार वर्षांनी महाडचं चवदार तळं.

आज महाराष्ट्र सरकार अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवतं, त्या शिष्यवृत्तीला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे.