पुडीत डुकराचा अंश नव्हता, तरी ती हराम ठरली

चायनीजच्या गाडीवर कढईत जाळ उठतो आणि वरून चिमूटभर पांढरी, चमकदार पूड पडते. शास्त्रीय नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. आपण मात्र तिला कंपनीच्या नावानंच ओळखतो, अजिनोमोटो. डिसेंबर २००० मध्ये इंडोनेशियातल्या उलेमा परिषदेनं, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांच्या संस्थेनं, तिथं तयार झालेली ही पूड हराम ठरवली. दुकानांतला माल परत मागवावा लागला, जानेवारीत कंपनीच्या अधिकाऱ्यांना अटकही झाली.

पुडीत डुकराचा अंश नव्हता. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद हे स्वतः धर्माचे जाणकार. त्यांनी तपासणीच्या आधारे ती हलाल असल्याचं सांगितलं. परिषद मागे हटली नाही.

मग डुक्कर होतं कुठे? १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी ही चव कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून वेगळी काढली. आता ते काम जिवाणू करतात. मोठ्या टाक्यांमध्ये ते साखर खातात आणि ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकतात; त्याला सोडियमची जोड दिली की पूड तयार. पण घरात दह्याचं विरजण राखून ठेवावं लागतं, तसंच कारखान्यात या जिवाणूंचं विरजण जपावं लागतं. इंडोनेशियात ते सोयाबीनच्या प्रथिनांच्या तुकड्यांवर पोसलं जात होतं. प्रथिनाची लांबलचक साखळी तोडायला विकर, म्हणजे एन्झाइम लागतं. ते विकर डुकराच्या स्वादुपिंडातून आलेलं होतं.

विकर तोडण्याचं काम करतं, ग्लुटामेटच्या रेणूत ते शिरत नाही. त्यामुळे शेवटची पूड कितीही तपासली तरी हा इतिहास तिच्यात दिसणार नाही.

हलाल म्हटलं की आपल्याला खाटकाची सुरी आठवते. बऱ्याच मुस्लिम ग्राहकांचाही विचार मटणापाशी सुरू होतो आणि तिथंच थांबतो. पदार्थाचं मूळ रूप पालटलं तर हुकूम पालटतो का, हा प्रश्न मात्र धर्मशास्त्रात जुना आहे. त्याला इस्तिहाला म्हणतात. दारू आपोआप आंबून तिचा सिरका झाला तर तो चालतो, यावर सगळ्यांचं एकमत. त्यापलीकडे मुस्लिम धर्मशास्त्राच्या दोन परंपरांपैकी हनफी बरीच मोकळीक देते, शाफई कमी. इंडोनेशियात शाफईच बहुसंख्य, आणि आपल्या रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांचीही परंपरा तीच. परिषदेचा मुद्दा तर सरळ होता: बनवताना डुकराचा वापर झाला, एवढंच पुरे.

हा हट्ट विज्ञानाविरुद्ध आहे, असं मला मुळीच वाटत नाही. ‘यात काय आहे’ आणि ‘हे कशातून आलं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळा देते. दुसऱ्यासाठी कारखान्याच्या नोंदी उघडाव्या लागतात, आणि ग्राहकाला त्या मागण्याचा पूर्ण हक्क आहे. इंडोनेशियात तसंच झालं. कंपनीनं विरजणाचं खाद्य बदललं आणि २००१ मध्येच पूड पुन्हा हलाल ठरली.

आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असला की घटक शाकाहारी आहेत एवढं कळतं. मांसाहाराची तपकिरी खूण असली, तर आतलं जिलेटिन म्हशीच्या हाडांचं, डुकराच्या कातडीचं की माशाचं, हे त्या खुणेवरून कळत नाही. आणि जिवाणूंचं विरजण कशावर पोसलं, हे तर घटकांच्या यादीत येतच नाही.