एमएसमध्ये मेंदूला रक्त कमी पडतं म्हणजे 'नस बंद' नव्हे

मराठीत 'नस' म्हणजे मज्जातंतूही आणि रक्तवाहिनीही, आणि मला वाटतं अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, या आजारात नसांवरचं (मज्जातंतूंवरचं) आवरण, म्हणजे मायलिन, खराब होतं हे ऐकलेलं असतं, त्यात कुणीतरी सांगतं की एमएसवाल्यांच्या मेंदूला रक्त कमी पोचतं म्हणून विसरायला होतं, की झालं, नस ब्लॉक आहे, मोकळी करून घ्या, रक्त पातळ करायची गोळी सुरू करा! हे वाचून वाचून जीव मेटाकुटीला आलाय.

ब्लॉकेज सगळ्यांना माहितीये. गुठळी अडकली, पुढच्या भागाचं रक्त तुटलं, तोंड वाकडं, हात लुळा, ताबडतोब हॉस्पिटल. त्यावर जास्त बोलत नाही.

एमएसमध्ये रक्तवाहिनी उघडीच असते. प्रवाह मंदावतो तो एका ठिकाणी नाही, मेंदूभर, अगदी एमआरआयवर जिथे आजाराचा एकही डाग नाही तिथेही. नेहमीच्या एमआरआयमध्ये हे कळत नाही, परफ्युजनचा, म्हणजे रक्त किती पोचतं ते मोजणारा, वेगळा स्कॅन लागतो. त्यातल्या एएसएल प्रकारात इंजेक्शनसुद्धा नसतं, मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच रेडिओ लहरींनी खूण करतात आणि ते मेंदूत किती पोचलं ते मोजतात.

आता खरी मेख. प्रवाह कमी का? गावात माणसंच कमी उरली म्हणून पाणी कमी लागतंय, की कुणी व्हॉल्व आवळून ठेवलाय? बरेच जण पहिलंच धरून चालतात, पेशी मेल्या, गरज घटली, विषय संपला. पण २०१३ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी एमएसच्या पेशंटना बोसेंटान दिलं, हे एंडोथेलिनला अडवणारं औषध, आणि एंडोथेलिन म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ, आणि प्रवाह निरोगी माणसांच्या पातळीपर्यंत वर आला. नुसती गरजच घटली असती तर असा वर आला नसता. शिवाय मेंदूतून परत येणाऱ्या रक्तात एंडोथेलिन हाताच्या रक्तापेक्षा जास्त सापडलं, म्हणजे ते मेंदूतच सुटतंय, बहुधा मेंदूतल्या मज्जापेशींना आधार देणाऱ्या, पण चिडलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींमधून. म्हणून मी व्हॉल्वच्या बाजूने आहे, निदान काही भाग तरी त्याचाच.

पण प्रवाह वाढला म्हणजे बुद्धी परत आली असं त्यातून सिद्ध होत नाही, कृपया ही उडी मारू नका. बोसेंटान हे फुप्फुसातल्या रक्तदाबाचं औषध आहे, लिव्हरला त्रास देऊ शकतं, गरोदरपणात तर चालतच नाही, आणि एमएस तरुण बायकांनाच जास्त होतो.

शिरांची थिअरी तर आणखी तिसरीच. इटलीच्या पाओलो झांबोनींनी २००९ मध्ये मांडलं की मानेतल्या शिरा अरुंद असल्याने एमएस होतो, मग जगभर लोकांनी फुगे घालून शिरा रुंद करून घेतल्या. २०१३ मध्ये तपासलं तर तशा शिरा निरोगी लोकांतही तेवढ्याच निघाल्या, आणि २०१७ मध्ये झांबोनींच्याच ट्रायलमध्ये फुग्याचा फायदा दिसला नाही. तरी आजही कुणीतरी पेशंटला मानेच्या डॉपलरला (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीला) पाठवतं, याचा मला मनापासून राग येतो.

आणि एमएसमधल्या या विसरण्याला सरसकट डिमेन्शिया म्हणू नका. एमएसमध्ये बहुतेकदा आधी घटतो तो विचार करण्याचा वेग. एसडीएमटी नावाची टेस्ट आहे, कागदावर वर नऊ चिन्हं आणि त्यांचे आकडे, खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी, ९० सेकंदात जमतील तेवढे आकडे सांगायचे. चुका फारशा होत नाहीत, पण नजर दरवेळी वरच्या ओळीकडे जाते, परत येते, आणि दुसऱ्यांच्या चार ओळी होतात तिथे यांच्या दोनच. ज्यांचा वेग असा घटलाय त्यांच्यात रक्तप्रवाहही कमी आढळलाय, पण थॅलॅमस (मेंदूच्या आतला एक भाग) आक्रसणं, डाग वाढणं हेही त्याच मेंदूत चालू असतं, सगळं खापर रक्तावर फोडता येत नाही. डॉपलरचा आग्रह धरण्यापेक्षा न्यूरोलॉजिस्टला ही दीड मिनिटाची टेस्ट दरवर्षी घ्यायला सांगा, आणि घरी प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबा, मधेच वाक्य पूर्ण करून देऊ नका.