रोमचं पोट कोण भरत होतं?

इसवी सनाच्या सुरुवातीला रोम शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती, असा बहुतेक इतिहासकारांचा अंदाज आहे. एवढं मोठं शहर पश्चिम युरोपात पुन्हा उभं राहायला थेट १८०० सालच्या आसपासचं लंडन यावं लागलं. टायबर नदीच्या खोऱ्यातली शेती इतक्या तोंडांना पुरणं शक्य नव्हतं. गहू समुद्रापलीकडून यायचा, आणि तो कुठून येतो यावर रोमचं बरंचसं राजकारण फिरत राहिलं. रोमनांचा उदय आणि अस्त समजून घ्यायला मला तरी सम्राटांच्या वंशावळीपेक्षा ही धान्याची वाट जास्त उपयोगी वाटते.

सुरुवात अगदी साधी होती. दंतकथा शहराची स्थापना इसवी सनपूर्व ७५३ ची सांगते. राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं ते परंपरेनुसार इसवी सनपूर्व ५०९ मध्ये. तेव्हाचे रोमन म्हणजे शेतकरी. भरडलेल्या धान्याची लापशी खाणारे आणि गरज पडली की स्वतःची शस्त्रं घेऊन लढायला जाणारे. आजूबाजूच्या इतर गावांहून ते फार शूर होते असं नाही. त्यांचं वेगळेपण जिंकल्यानंतरच्या वागण्यात होतं. हरलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांनी खंडणीऐवजी सैनिक मागितले आणि काहींना नागरिकत्वही दिलं. इसवी सनपूर्व ३३८ मध्ये लॅटिन गावांशी झालेली तडजोड याच धर्तीची होती. पुढे इसवी सनपूर्व २१६ मध्ये इटलीतल्याच कॅनीच्या रणांगणावर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज राज्याचा सेनापती हॅनिबल याने एका दिवसात रोमची पन्नास हजारांच्या आसपास माणसं कापली. दुसरं कुठलंही राज्य तहाला तयार झालं असतं. रोमने नव्या पलटणी उभ्या केल्या. दक्षिणेतले काही मित्र फुटले, पण लॅटिन गावं जागची हलली नाहीत.

कार्थेजशी झालेल्या पहिल्या युद्धाच्या शेवटी, इसवी सनपूर्व २४१ मध्ये, सिसिली बेट हाती आलं होतं. रोमचा हा पहिला प्रांत. तिथल्या गव्हाचा दहावा हिस्सा कर म्हणून मिळू लागला आणि परक्या धान्याची सवय लागली. दुसरीकडे वर्षानुवर्षं मोहिमेवर असलेल्या सैनिकांच्या जमिनी ओस पडत होत्या. श्रीमंतांनी त्या गिळल्या आणि युद्धात पकडलेले गुलाम त्यांवर राबवले. भूमिहीन झालेला शेतकरी रोमच्या गल्ल्यांत येऊन पडला. टिबेरियस ग्रॅकसने जमीनवाटपाचा प्रयत्न केला, तर इसवी सनपूर्व १३३ मध्ये सिनेटच्या, म्हणजे उमरावांच्या सभेच्या, लोकांनी त्याला बडवून ठार मारलं. त्याचा भाऊ गायस याने दहा वर्षांनी दुसरा रस्ता धरला आणि नागरिकांना ठरलेल्या स्वस्त दरात गहू देण्याचा कायदा केला. तोही पुढे मारला गेला, पण स्वस्त गव्हाची कल्पना टिकली. इसवी सनपूर्व ५८ मध्ये तर हा गहू फुकटच झाला.

आपल्या रेशनइतकीच त्यांच्याही रेशनच्या यादीची कटकट होती. ज्युलियस सीझरला यादीत ३,२०,००० नावं सापडली, ती त्याने १,५०,००० वर आणली. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात आकडा दोन लाखांच्या आसपास स्थिरावला. दरमहा पाच मोदियस, म्हणजे सुमारे ३३ किलो गहू मिळायचा, आणि तो फक्त शहरात राहणाऱ्या पुरुष नागरिकांना. बायका, गुलाम, परदेशी यांची नावं यादीत नसत. ‘लोकांना भाकरी आणि शर्यती मिळाल्या की बस्स’ हा कवी जुवेनलचा टोमणा आजही उगाळला जातो. तो मला अन्यायाचा वाटतो. एवढ्या गव्हात एका कुटुंबाचं महिनाभर नीट भागत नव्हतं, शिवाय भाडं, सरपण आणि तेल कमवावंच लागायचं.

इसवी सनपूर्व ३० मध्ये इजिप्त ताब्यात आला आणि चित्र बदललं. नाईलच्या काठचं हे कोठार ऑगस्टसने इतकं जपलं की सिनेटच्या सदस्यांना परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकायची बंदी होती. अलेक्झांड्रियाहून निघालेली गव्हाची जहाजं उलट वाऱ्याशी झगडत कधी महिन्याने, कधी दोन महिन्यांनी इटलीला पोचायची. नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरावर त्यांची शिडं दिसली की सगळं गाव धक्क्यावर धावायचं, असं सेनेका या लेखकाने लिहून ठेवलं आहे. हिवाळ्यात समुद्र जवळजवळ बंद. क्लॉडियस सम्राटाला एकदा टंचाईत चिडलेल्या जमावाने भर चौकात पावाचे तुकडे फेकून मारले. त्यानंतर त्याने हिवाळ्यात जहाजं सोडणाऱ्या व्यापाऱ्यांचं वादळात होणारं नुकसान सरकारी खात्यावर घेतलं. टायबरच्या मुखाजवळ नव्या बंदराचं काम त्याने आधीच सुरू केलं होतं. पुढे ट्राजान सम्राटाने तिथे खोदलेला षटकोनी धक्का रोमच्या विमानतळावर उतरताना आजही दिसतो.

एवढी खटपट समुद्रावरच का, याचं उत्तर इसवी सन ३०१ च्या सरकारी दरपत्रकात आहे. त्यावरून हिशेब मांडला तर बैलगाडीने शंभर-सव्वाशे किलोमीटर धान्य नेण्यापेक्षा ते भूमध्य समुद्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जहाजाने आणणं स्वस्त पडायचं.

शहरातल्या सामान्य माणसाचं घर म्हणजे चार-पाच मजली चाळीतली एखादी खोली. वरचे मजले लाकडी, आगीची भीती कायमची. ऑगस्टसने उंचीवर ७० रोमन फुटांची मर्यादा घातली, ट्राजानने ती ६० वर आणली. खोलीत चूल नसायची, त्यामुळे गहू दळून-भाजून मिळायचा तो बेकरीत. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातल्या एका भट्टीत ८१ पाव कोळसा होऊन जसेच्या तसे सापडले. गोल, वरून आठ फोडी पाडलेले. जाती गाढवं ओढत, किंवा गुलाम. या धंद्यात पैसा किती होता ते पाहायचं तर रोमच्या पोर्ता माज्जोरे वेशीजवळ एउरिसाकेस नावाच्या बेकरीवाल्याची कबर पाहावी. तिच्यावर पीठ मळण्यापासून पाव तोलण्यापर्यंतची सगळी कामं कोरली आहेत.

पावासोबत ऑलिव्हचं तेल, माशाचा खारवलेला रस, पाणी घातलेली वाइन. स्पेनहून आलेल्या तेलाचे रांजण रिकामे झाले की एका ठरलेल्या जागी फोडून रचत. त्या खापऱ्यांची सुमारे ३५ मीटर उंच टेकडी, मोंते तेस्ताच्चो, अजून उभी आहे. श्रीमंतांच्या ताटात मिरी असायची, ती केरळच्या किनाऱ्यावरची. आपल्याकडचाही माल या व्यापारात होता. पाँपेईत १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं तेर आणि भोकरदन इथल्या मूर्तींशी जवळचं साम्य आहे. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती निघाली.

उतरण एकदम लागली नाही. इसवी सन १६५ नंतरची साथ, २३५ ते २८४ या काळात धडाधड बदलणारे आणि बहुतेक खून होऊन गेलेले सम्राट, चांदी जवळपास गायब झालेली नाणी. तरीही धान्याची वाट चालू होती. उलट ऑरेलियन सम्राटाने गव्हाऐवजी थेट पाव वाटायला सुरुवात केली आणि वर डुकराचं मांसही दिलं. खरा बदल ३३० मध्ये झाला. पूर्वेला कॉन्स्टंटिनोपल (आजचं इस्तंबूल) ही नवी राजधानी उभी राहिली आणि इजिप्तचा गहू तिकडे वळला. रोम आता उत्तर आफ्रिकेवर, म्हणजे कार्थेजच्या आसपासच्या प्रांतांवर विसंबलं.

या कोंडीचा अंदाज गॉथ या जर्मानिक टोळीचा राजा अलारिक याला होता. ४०८ मध्ये त्याने शहराला वेढा घालून नदीची वाट अडवली तेव्हा रोजचा शिधा आधी निम्मा, मग तिसऱ्या हिश्शावर आला. वेढा उठवायला त्याने सोनं, चांदी, रेशमी वस्त्रं आणि ३,००० रोमन पौंड मिरी घेतली. ४१० मध्ये त्याने रोम लुटलं आणि त्या बातमीने सारं जग हादरलं. पण लूट तीन दिवसांची होती आणि शहर त्यातून सावरलं. माझ्या मते निर्णायक वर्ष ४३९ आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गायसेरिक राजाच्या वँडलांनी, म्हणजे आणखी एका जर्मानिक टोळीने, कार्थेज घेतलं. गहू गेला, आणि ज्या करांवर साम्राज्याच्या पश्चिम अर्ध्या भागाचं सैन्य पोसलं जात होतं त्यांतला मोठा वाटाही गेला. पगार नाही तर सैनिक नाहीत. ४५५ मध्ये त्याच वँडलांनी येऊन चौदा दिवस रोम धुऊन नेलं. ४६८ मध्ये आफ्रिका परत मिळवायला निघालेल्या प्रचंड आरमाराला त्यांनी आग लावली. त्यानंतर ४७६ मध्ये ओडोआसर या सेनानायकाने पश्चिमेचा पोरवयाचा सम्राट रोम्युलस ऑगस्ट्युलस याला गादीवरून उतरवलं, ते निव्वळ औपचारिक काम उरलं होतं.

शहराची वस्ती झपाट्याने घटली. ५३७ मध्ये गॉथांनी पाण्याचे कालवे तोडले आणि त्यांवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या थांबल्या, तेव्हा पूर्वेच्या साम्राज्याचा सेनापती बेलिसारियस याने टायबरच्या प्रवाहात नावा बांधून त्यांवर जाती बसवली. सहाव्या शतकाच्या मध्याला, गॉथांशी झालेल्या युद्धानंतर, दहा लाखांच्या शहरात त्यांतली अगदी थोडी माणसं उरली होती. पूर्वेच्या राजधानीत फुकटचा पाव आणखी काही दशकं मिळत राहिला. इराणी फौजा इजिप्तमध्ये घुसल्या, आणि ६१८ मध्ये तोही बंद झाला.