हवेच्या हिशेबाची वही

आज जिवंत असलेल्या प्रत्येक माणसाच्या शरीरात अणुस्फोटांतून आलेला थोडा कार्बन आहे. १९४५ नंतरच्या काळात उघड्या आकाशाखाली शेकडो अणुस्फोट झाले. त्यांतून सुटलेले न्यूट्रॉन हवेतल्या नायट्रोजनवर आदळले आणि त्याचा कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार, झाला. १९६३-६४ च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या हवेत या कार्बनचं प्रमाण नैसर्गिक पातळीच्या जवळपास दुप्पट झालं होतं. झाडांनी तो घेतला, जनावरांनी झाडं खाल्ली, माणसांनी दोन्ही खाल्लं. शरीरातली एखादी पेशी कधी तयार झाली, हे ठरवायला संशोधक आता याच बॉम्ब-कार्बनचा आधार घेतात.

पोलादाची गोष्टही अशीच. पोलाद बनवताना भट्टीत हवा फुंकावी लागते आणि १९४५ नंतरच्या हवेत किरणोत्सर्गी कण होतेच. त्यामुळे अतिसूक्ष्म किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणांसाठी त्याआधीचं पोलाद शोधावं लागलं. स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो इथे जर्मन खलाशांनी १९१९ मध्ये स्वतःच्याच युद्धनौका बुडवल्या होत्या, त्यांचा पत्रा या कामी आला. एका महायुद्धाचं भंगार दुसऱ्या महायुद्धाने बिघडवलेली हवा मोजायला वापरलं गेलं.

माणसाने स्वतःच्या जिवावर ओढवून घेतलेल्या संकटांची यादी करताना युद्ध एका रकान्यात आणि प्रदूषण दुसऱ्या रकान्यात लिहायची सवय आहे. इतिहास बघितला तर हे रकाने वेगळे ठेवणं अवघड जातं. कारखाने तेच, रसायनं तीच, पुष्कळदा माणसंही तीच. हवेत सोडलेली वस्तू नाहीशी होते, ही समजूतही दोन्हीकडे सारखीच. ती नाहीशी होत नाही हे दर वेळी कळलं ते कुणीतरी चिकाटीने मोजल्यावर, आणि तेही बहुधा उशिरा.

धुराबद्दलची तक्रार जुनी आहे. जॉन इव्हलिन यांनी १६६१ मध्ये लंडनच्या कोळशाच्या धुराविषयी एक पुस्तिका लिहून राजा दुसरा चार्ल्स याला अर्पण केली. धुराचे कारखाने शहराबाहेर न्या आणि सुवासिक झाडं लावा, असा त्यांचा सल्ला होता. पुढे दोन शतकं कोळशाचा खप वाढतच गेला.

खरा सांधा जुळतो तो विसाव्या शतकात. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला आणि १९१३ मध्ये ओप्पाऊच्या कारखान्यात त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं. हेतू खताचा होता. पण वर्षभरात युद्ध पेटलं, ब्रिटिश आरमाराने चिलीहून येणारा सोरा अडवला आणि तोच अमोनिया नायट्रिक आम्लामार्गे स्फोटकांकडे वळला. ही सोय झाली नसती तर जर्मनीचा दारूगोळा फार लवकर संपला असता, असं अनेक इतिहासकार मानतात.

हाबर तिथे थांबले नाहीत. २२ एप्रिल १९१५ च्या संध्याकाळी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने पाच हजारांहून अधिक नळकांड्यांच्या तोट्या उघडल्या. सुमारे १५० टन क्लोरीन समोरच्या खंदकांकडे सरकला. हिरवट-पिवळा आणि हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्डा दिसला की त्यात उतरणारा. नळकांडी कितीतरी दिवस आधीच पुरून ठेवलेली होती, काम अडलं होतं ते वाऱ्यापाशी. या सगळ्या तयारीवर हाबर यांची देखरेख होती. गंमत म्हणजे १८९९ च्या हेग परिषदेने गुदमरवणारा वायू पसरवण्यासाठीच बनवलेल्या तोफगोळ्यांवर बंदी घातली होती आणि जर्मनीने त्यावर सही केली होती. पण हा वायू तोफगोळ्यातून सोडलाच नव्हता, नळकांड्यातून सोडला होता, असा युक्तिवाद करता आला! पुढे दोन्ही बाजूंनी वायू वापरले आणि पहिल्या महायुद्धात त्यांमुळे सुमारे ९०,००० माणसं मेल्याचा अंदाज आहे. १९१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल अमोनियासाठी हाबर यांनाच मिळालं.

त्या अमोनियावर आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न पिकतं, म्हणून हाबर यांना एका शब्दात खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही. मात्र शेतातल्या खतातून आणि शेणमुतातून हवेत गेलेला अमोनिया तिथेही स्वस्थ बसत नाही. इंजिनांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडपासून बनलेल्या आम्लाशी त्याची गाठ पडते आणि अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार होतात. म्हणजे बॉम्बमध्ये भरलं जाणारं संयुग फुफ्फुसात धूळ होऊन उतरतं. रसायनांचा असा प्रवास उलट दिशेनेही झाला. जर्मनीत गेरहार्ड श्रेडर कीटकनाशक शोधत होते आणि १९३६ मध्ये त्यांच्या हाती लागलं ते टाबून, मज्जासंस्था बंद पाडणारं पहिलं युद्धविष.

शिशाची कथा शांततेच्या काळातली आहे, पण तिच्यातही शेवटी बॉम्ब डोकावतो. १९२१ मध्ये टॉमस मिज्ली यांना आढळलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळलं की इंजिनात ठकठक होत नाही. १९२४ मध्ये अमेरिकेत ते बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तेव्हा मिज्ली यांनी पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुतले आणि तो हुंगून दाखवला. खुद्द त्यांना त्याआधीच शिशाची बाधा होऊन विश्रांती घ्यावी लागली होती, हे तिथे बोललं गेलं नाही. पेट्रोल विकलं गेलं, सुमारे चार दशकं जवळजवळ बिनबोभाट.

त्याला आव्हान दिलं अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी, तेही दुसऱ्याच कामातून. ते पृथ्वीचं वय काढत होते, त्यासाठी उल्केतलं शिसं मोजायचं होतं. अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं वस्तुमान-वर्णपटमापक हे यंत्र चालवायला ते शिकले होते अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात, ओक रिजला. पण कुठल्याही नमुन्यात प्रमाणाबाहेर शिसं सापडे, भांड्यात, पाण्यात, टेबलावर, केसांत. प्रयोगशाळा अक्षरशः घासून पुसून त्यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं. मग हे शिसं येतं कुठून, याचा माग काढत ते ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत गेले आणि १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं की आपण ज्याला शिशाची नेहमीची पातळी समजतो ती माणसाने वाढवलेली पातळी आहे. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. सगळ्यांचंच रक्त दूषित असेल तर निरोगी माणूस म्हणून तुलनेला घ्यायचं कोणाला? शिसंयुक्त पेट्रोल मोटारींसाठी विकणं जगात सर्वांत शेवटी थांबवलं अल्जीरियाने, २०२१ मध्ये.

धूर माणसं मारतो हेसुद्धा मोजूनच पटवावं लागलं. डिसेंबर १९३० मध्ये बेल्जियमच्या म्यूझ नदीच्या खोऱ्यात उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला, कारखान्यांचा धूर खाली कोंडला आणि साठहून अधिक माणसं दगावली. ईप्रच्या आठवणी ताज्या होत्या, त्यामुळे युद्धातला पुरलेला विषारी वायू फुटला असावा अशीही शंका लोकांनी घेतली. तपास करणाऱ्यांपैकी झाँ फिर्के यांनी साधं त्रैराशिक मांडलं: लंडनसारख्या शहरात असं झालं तर सुमारे ३,२०० मृत्यू होतील. कोणी फार मनावर घेतलं नाही. ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डोनोरा या जस्त-पोलादाच्या गावी वीस माणसं तशीच गेली.

आणि ५ डिसेंबर १९५२ ला लंडनवर झाकण बसलं. त्यामागेही युद्ध होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या कर्जाखाली दबलेला ब्रिटन चांगला कोळसा परदेशी विकत होता आणि घरगुती शेगड्यांसाठी धुरकट, हलका कोळसा ठेवत होता. थंडी कडक, प्रत्येक घराची शेगडी पेटलेली. पाच दिवस धुरकं हललं नाही. जनावरांच्या प्रदर्शनात आणलेले बैल धापा टाकत मेले, एका नाट्यगृहात धुरकं शिरल्याने ऑपेरा अर्ध्यावर थांबला. तरी घराघरांत माणसं मरताहेत हे तेव्हा फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मरणारे बरेचसे म्हातारे किंवा आधीच छातीच्या दुखण्याने बेजार असलेले होते. उलगडा झाला तो मृत्युनोंदी जुळवल्यावर. नेहमीपेक्षा सुमारे ४,००० मृत्यू जास्त. धुरकं विरल्यावरही आकडा खाली येईना, तेव्हा सरकारने इन्फ्लुएंझाकडे बोट दाखवलं. २००१ मध्ये झालेल्या फेरमांडणीत एकूण बळी १२,००० च्या आसपास असावेत असं दिसलं. १९५६ मध्ये ब्रिटनने शुद्ध हवेचा कायदा केला. फिर्के यांचं त्रैराशिक चुकलं, पण कमी पडून.

त्याच सुमारास आकाशातून दुसरी राख पडू लागली होती. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावर अमेरिकेने उडवलेला हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेच्या अडीचपट निघाला, सहाऐवजी पंधरा मेगाटन. लिथियमचा जो प्रकार निष्क्रिय राहील असं धरलं होतं, त्यानेही अभिक्रियेत भाग घेतला. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. तेवीस खलाशी आजारी झाले, त्यांतला एक सप्टेंबरमध्ये वारला. चार वर्षांनी सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बचे एक जनक आंद्रेई सखारोव यांनी, सुरुवातीला सांगितलेल्या त्याच कार्बन-१४ मुळे पुढच्या पिढ्यांत किती बळी पडतील, याचं गणित छापलं.

पण लोकांना सर्वांत जास्त हलवलं ते दुधाच्या दातांनी. स्ट्रॉन्शियम-९० रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमच्या कुळातलं. स्फोटातून ते गवतावर, गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत जातं. १९५८ पासून अमेरिकेच्या सेंट लुईस शहरात डॉक्टर लुईझ राइस, जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर आणि इतरांनी मुलांचे पडलेले दात गोळा करायला सुरुवात केली. दात देणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. पुढच्या काही वर्षांत तीन लाखांच्या आसपास दात जमले आणि स्फोटांची संख्या वाढली तसं त्यांतलं स्ट्रॉन्शियमही वाढल्याचं दिसलं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटनने हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या न करण्याचा करार केला. त्याला १९६२ च्या क्युबाच्या पेचाची, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आल्याची, भीतीही कारण होती, एकट्या दातांना श्रेय देणं बरोबर नाही. शिवाय करारानंतर स्फोट थांबले नाहीत, ते जमिनीखाली गेले. फ्रान्स आणि चीन तर नंतरही काही वर्षं हवेतच चाचण्या करत होते.

धूर आणि बॉम्ब एकाच समीकरणात आले १९८२ मध्ये. हवेच्या रसायनाचे अभ्यासक पॉल क्रुट्झन यांना अणुयुद्धाचा ओझोनवर काय परिणाम होईल, यावर लिहायला सांगितलं होतं. जॉन बर्क्स यांच्याबरोबर आकडेमोड करताना त्यांच्या लक्षात आलं की आगींच्या काजळीचा विचार कुणी केलेलाच नाही. जळणारी जंगलं आणि शहरं सूर्यप्रकाश अडवतील, भरदुपारी अंधारून येईल. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि इतर चौघांनी यावरून आण्विक हिवाळ्याची कल्पना मांडली. १९९१ मध्ये कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटल्या, तेव्हा सेगन यांनी दूरवरच्या प्रदेशांतही थंडीचा तडाखा बसेल असा इशारा दिला आणि तो फसला. काजळी स्थितांबरापर्यंत चढलीच नाही, पावसाने खाली आली. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. त्यानंतर प्रारूपं सुधारत गेली. २०२२ च्या एका अभ्यासात अमेरिका-रशिया यांच्यातल्या पूर्ण अणुयुद्धानंतर पिकं बुडून ५०० कोटींहून अधिक माणसं उपाशी मरू शकतील असं मांडलं आहे. काजळी नेमकी किती उठेल यावरचा वाद मात्र चालूच आहे.

रोजच्या धुराबाबत एवढा वाद उरलेला नाही. अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या आठ हजारांवर प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षं माग ठेवणारा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत स्वच्छ शहराच्या तुलनेत सर्वांत घाणेरड्या शहरात मृत्यूचं प्रमाण २६ टक्के जास्त होतं, आणि तिथे लंडनसारखं कोणतंही झाकण बसलेलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आज घराबाहेरच्या आणि घरातल्या धुराचे बळी वर्षाला सुमारे ७० लाख मानते. २०२१ मध्ये तिने पीएम २.५ कणांची (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) वार्षिक मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. त्या मर्यादेत बसणारी हवा जगातल्या जेमतेम एक टक्का लोकांना मिळते.

मोजायचं काय नाही, हेही ठरवलं जातं. १९९७ च्या क्योटो करारात बहुराष्ट्रीय लष्करी मोहिमांचं उत्सर्जन देशांच्या मर्यादेत न धरण्याची सवलत होती. २०१५ च्या पॅरिस करारानंतरही लष्करी उत्सर्जन कळवणं बरंचसं ऐच्छिकच राहिलं.

आता पुन्हा त्या बॉम्ब-कार्बनकडे. १९६३ नंतर हवेतलं त्याचं प्रमाण उतरू लागलं. बराचसा समुद्राने आणि झाडांनी शोषला. शिवाय त्याच काळात आपण कोळसा आणि तेल जाळत होतो. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेल्या या इंधनात कार्बन-१४ शिल्लकच नसतो, कारण दर ५,७३० वर्षांनी त्यातला निम्मा नाहीसा होतो (हेच त्याचं अर्धायुष्य). त्यामुळे त्याच्या धुराने हवेतला कार्बन-१४ पातळ होत गेला आणि २०२१ च्या सुमारास उत्तर गोलार्धातलं त्याचं प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या पातळीखाली गेलं. बॉम्बने जमा केलेलं धुराने खर्ची टाकलं. लंडनमधल्या संशोधक हीदर ग्रेव्हन यांनी २०१५ मध्येच हिशेब मांडला होता की इंधन असंच जळत राहिलं तर २०५० साली विणलेल्या नव्याकोऱ्या सुती सदऱ्याचं कार्बनवय (कार्बन-१४ किती उरला यावरून काढलेलं वय) हजार वर्षांपूर्वीच्या कापडाइतकं निघेल. केवळ कार्बन-१४ मोजून दोन्हींतलं जुनं कोणतं, हे प्रयोगशाळेला सांगता येणार नाही.