‘मंदक्रोध’ देव आणि थकलेले कर्ज: एका ग्रीक शब्दाची पार्श्वभूमी

मराठी बायबलमधला ‘मंदक्रोध’ हा शब्द ज्या हिब्रू शब्दप्रयोगासाठी येतो (निर्गम ३४:६), त्याचा शब्दशः अर्थ ‘लांब नाकाचा’. आपल्याकडे तापट माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. तिथे नाकच लांब, म्हणून राग यायला वेळ लागतो. नाशाचा इशारा मिळालेल्या निनवे शहराला मिळालेले ४० दिवस, ते वाचल्यावर योना संदेष्ट्याचा थयथयाट, ‘प्रभू उशीर करत नाही, तुमच्यासाठी थांबला आहे’ हे नव्या करारात पेत्राच्या दुसऱ्या पत्रातले उत्तर, हे सगळे ओळखीचेच आहे.

देवाच्या या सबुरीवरून वाद पेटला तो पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या ३:२५ या ओळीवरून. देवाने आपल्या सहनशीलतेत (ख्रिस्ताच्या) आधीच्या पापांची ‘पारेसिस’ केली, असे तिथे मूळ ग्रीकमध्ये म्हटले आहे. नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो. क्षमेसाठी नेहमीचा शब्द ‘आफेसिस’. मग ती पापे माफ झाली होती, की नुसती बाजूला ठेवली होती? लॅटिन बायबलने सरळ ‘माफी’ लिहून हा प्रश्न हजारेक वर्षे झाकून टाकला. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने तोच कित्ता गिरवला; ‘सोडून पुढे जाणे’ अशा अर्थाचा शब्द १८८१ च्या सुधारित आवृत्तीत आला.

मधल्या काळात, सतराव्या शतकात, डच विद्यापीठांत यावरून जुंपली. लायडनच्या एका प्राध्यापकाचे म्हणणे असे, की क्रुसावर किंमत चुकती होईपर्यंत अब्राहाम आणि दावीद या जुन्या करारातल्या माणसांच्या वाट्याला आली ती फक्त पारेसिस. उत्रेख्त विद्यापीठवाले खवळले. भांडण चालले रोमन कायद्यातल्या कर्जाच्या भाषेत. एक माणूस जामीन राहतो. मूळ कर्जदार सुटत नाही. दुसरा ते कर्ज स्वतःच्या नावावर घेतो. मूळ कर्जदार त्याच क्षणी मोकळा. लायडनच्या मते जुन्या करारात ख्रिस्त पहिल्या प्रकारचा, उत्रेख्तच्या मते दुसऱ्या. सोसायटीच्या कर्जाला कधी जामीन राहिलेल्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

उत्रेख्तचा त्रागा समजण्यासारखा होता: दावीद मेला तो थकबाकीदार म्हणूनच का? शिवाय पुढच्याच अध्यायात पौल ३२ वे स्तोत्र उद्धृत करतो, ‘ज्यांच्या अपराधांची क्षमा झाली ते धन्य’, आणि तिथले क्रियापद आफेसिसच्याच कुळातले आहे. हा मुद्दा लायडनला पेलला असे मला वाटत नाही. पण या ओळीतली खरी अडचण लायडननेच ओळखली. शिक्षा लांबवणारा न्यायाधीश न्यायी कसा म्हणायचा? पौल इथे सहनशीलतेचे गोडवे गात नाही. तिच्यामुळे देवाच्या न्यायावर आलेला बोल तो निस्तरतो आहे.

१९५२ मध्ये एका जर्मन अभ्यासकाने पारेसिस म्हणजे क्षमाच, असे पुन्हा मांडले, आणि काट्याने उलटी दिशा घेतली. या बाजूला एक जुना दाखला सोयीचा पडतो. रोमच्या इतिहासावरच्या, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक ग्रंथात असे वाक्य आहे: पूर्ण पारेसिस मिळाली नाही, पण काही काळाची मुदत मिळाली. पारेसिसचा अर्थच ‘मुदत’ असता, तर या वाक्यातला ‘पण’ कशासाठी?