पाच लाखांचे कार्ड आणि रोजची एक गोळी

मिरजेतील एखाद्या मोठ्या रुग्णालयात सरकारी आरोग्य विमा योजनेच्या टेबलाजवळ सकाळी घटकाभर थांबले, की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतो: ‘हे योजनेत बसतंय का?’ विचारणाऱ्याच्या हातात रेशनकार्ड, आधारकार्ड आणि त्यांच्या झेरॉक्स कोंबलेली प्लास्टिकची पिशवी असते, आणि पलीकडे बसलेले आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, संगणकावर आजाराचे पॅकेज, म्हणजे योजनेत ठरवून दिलेला उपचार, शोधत असतात. ते सापडले तर अँजिओप्लास्टीला पैसे पडत नाहीत. नाही सापडले, तर नातेवाईक व्हरांड्यात जाऊन पाहुण्यांना फोन लावू लागतात.

या टेबलाचा पसारा वाढत गेला आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली. 2017 मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे दोन्हींची सांगड घातली गेली. पांढऱ्या रेशनकार्डासह सर्व कुटुंबांना दरवर्षी पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय राज्याने 2023 मध्ये घेतला. मात्र हा विमा मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च उचलतो. केंद्राच्या योजनेत दाखल होण्यापूर्वीचे तीन आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरले जातात. रक्तदाबाची गोळी तर आयुष्यभर घ्यायची असते.

जत तालुक्यातील एखाद्या पन्नाशीच्या शेतकऱ्याचा रक्तदाब 160 आहे असे समजू. त्याला काहीच होत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. वाढलेल्या दाबाखाली मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षे जाड होत जातात, गाळण्याची क्षमता घटते आणि पायावर सूज दिसेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. डायलिसिस योजनेत बसते. ते टाळू शकणारी रोजची गोळी बसत नाही.

विमा मिळाल्यावर माणूस डॉक्टरकडे अधिक जातो का, याचे सर्वात भक्कम उत्तर अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातून आले. तेथे 2008 मध्ये गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या सुमारे 10 हजार जागा भरायच्या होत्या आणि नावे आली जवळपास 90 हजार, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. त्यामुळे संशोधकांना औषधाच्या चाचणीसारखी, निव्वळ योगायोगाने पडलेले दोन गट पाहण्याची संधी मिळाली. पहिल्या वर्षी विमाधारकांमध्ये नेहमीचे उपचाराचे ठिकाण असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी अधिक आढळले आणि बाह्यरुग्ण भेटीही वाढल्या. प्राथमिक उपचार मिळू लागले की तातडीच्या विभागातील गर्दी ओसरेल, अशी अनेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात तेथील भेटी सुमारे 40 टक्क्यांनी वाढल्या. मला यात नवल वाटत नाही, कारण दोन्ही दारे एकदमच फुकट झाली होती. नैराश्य आणि कर्जाचा बोजा घटला. रक्तदाबात मात्र दोन वर्षांत ठळक फरक दिसला नाही.

लक्षात घेण्यासारखे हे, की त्या विम्यात साध्या डॉक्टरची फी समाविष्ट होती. तरीही विम्याकडून मिळणारी फी कमी असेल तर डॉक्टर वेळ देत नाहीत. 2013 आणि 2014 मध्ये अमेरिकेने या विम्यातील प्राथमिक उपचारांचे दर वाढवले, तेव्हा रुग्ण असल्याचे भासवून दवाखान्यांना फोन करणाऱ्या संशोधकांना दहा राज्यांत वेळ मिळण्याचे प्रमाण सुमारे 59 वरून 66 टक्क्यांवर गेलेले आढळले. थायलंडने 2002 मध्ये वेगळी वाट धरली: बाह्यरुग्ण सेवेसाठी माणशी ठरावीक रक्कम तालुका पातळीवरील रुग्णालय व त्याच्या आरोग्य केंद्रांच्या जाळ्याकडे दिली आणि रुग्णाने आधी तेथेच जायचे असे ठरवले.

आपल्याकडे प्राथमिक उपचार विम्यातून नव्हे, तर शासनाच्या अंदाजपत्रकातून चालतात. सपाट भागात 30 हजार आणि डोंगराळ भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. म्हणजे कार्ड असो वा नसो, येथे फी ही अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती पाटण तालुक्यातील वाडीवरून खाली उतरण्याची, त्यासाठी बुडणाऱ्या मजुरीची आणि पोहोचल्यावर गोळ्या संपलेल्या असण्याची. विमा वाढला की पैसा मिरज-कराडच्या रुग्णालयांकडे जातो. वाडीच्या उपकेंद्रातील औषधाच्या कपाटात त्यातून काहीच येत नाही.

त्याच उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी दंडाला पट्टा गुंडाळून दाब मोजतात, वहीत दोन आकडे लिहितात आणि महिन्याच्या गोळ्या हातात ठेवतात. पुढच्या महिन्यात तो माणूस आला नाही, तर आशाताई त्याच्या घरी चौकशीला जातात. यातल्या कोणत्याच कामाला योजनेत पॅकेज नाही.