रंगमंचावर येऊन पडलेली बस

एप्रिल-मे आला की आपल्या बातम्यांच्या वाहिन्यांवर एक पट्टी हमखास सरकते: 'अमेरिकेत चक्रीवादळाचे थैमान'. वरच्या चित्रात मात्र ढगातून लोंबणारी काळी सोंड असते. ती सोंड म्हणजे टोर्नेडो, आणि टोर्नेडो म्हणजे चक्रीवादळ नव्हे. जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं ते 'निसर्ग' हे चक्रीवादळ. अशा वादळाचा घेर शेकडो किलोमीटरचा, जन्म समुद्रावर, आणि हवामान खातं दिवसचे दिवस त्याच्या मागावर असतं. टोर्नेडोचा घेर काही मीटरांपासून फार तर तीन-चार किलोमीटर, आयुष्य बहुधा काही मिनिटांचं, आणि सूचना मिळालीच तर तीही मिनिटांतच मोजायची.

दुसरी गल्लत 'वावटळ' या शब्दाची. वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला डोक्यावर ढग लागत नाही. (आमच्या लहानपणी वावटळीत भूत असतं म्हणून तिच्यावर थुंकायची पद्धत होती. भूत पळायचं की नाही ठाऊक नाही, थुंकी मात्र आपल्याच अंगावर यायची.) टोर्नेडोला वर अजस्र गडगडाटी ढग लागतोच. त्याला आपल्याकडे रोजच्या वापरातला शब्द नाही, म्हणून मी सरळ टोर्नेडोच म्हणणार.

काही वर्षांपूर्वी भाच्याकडे ओहायोतल्या कोलंबसला गेलो होतो. एका दुपारी बाराच्या ठोक्याला सगळ्या गावात भोंगे वाजू लागले. लहानपणी युद्धाच्या काळात ऐकलेला तोच चढत जाणारा सूर. मी उठून उभा राहिलो. भाचेसून ओट्यापाशी पोळ्या लाटत होती, तिचा हात थांबला नाही. "बसा मामा, आज बुधवार. दर बुधवारी बाराला चाचणी असते." खरंच दोन-तीन मिनिटांत सारं शांत झालं. "आणि खरा टोर्नेडो बुधवारी बारालाच आला तर?" या माझ्या प्रश्नावर ती नुसती हसली.

योगायोग असा की अमेरिकेच्या इतिहासातल्या टोर्नेडोंच्या सर्वांत भयंकर दिवसांपैकी दोन बुधवारचेच निघाले: ३ एप्रिल १९७४ आणि २७ एप्रिल २०११. यावरून कुणी बुधवारचा उपास सुरू करू नये.

३ एप्रिलच्या दुपारपासून पुढच्या २४ तासांत १३ राज्यांत आणि थोडे कॅनडात मिळून १४८ टोर्नेडो जमिनीला टेकले. एका क्षणी तर पंधरा एकाच वेळी जमिनीवर होते. इंडियाना राज्यात नकाशावर कुठे-कुठे खुणा करायच्या हे कळेना, तेव्हा अख्ख्या राज्यालाच इशारा देऊन टाकला. तीनशेहून जास्त माणसं गेली. कोलंबसपासून तासाभराच्या अंतरावर झीनिया नावाचं गाव आहे. दुपारी पावणेपाचच्या सुमारास टोर्नेडो त्या गावाच्या मधून गेला आणि जवळजवळ निम्मं गाव झोपवून गेला. तिथल्या हायस्कुलात शाळा सुटल्यावर काही मुलं रंगमंचावर नाटकाची तालीम करत होती. एका मुलीला बाहेर ती सोंड दिसली. सगळे धावत मधल्या बोळात जाऊन भिंतीला चिकटून बसले. टोर्नेडो गेल्यावर पाहतात तर ज्या रंगमंचावर ते क्षणापूर्वी उभे होते तिथे शाळेची बस येऊन पडली होती. बोळातली मुलं वाचली.

आता माझा आवडीचा भाग. एवढी फिरकी येते कुठून? 'पृथ्वीच्या फिरण्यातून' हे उत्तर पुष्कळ जण देतात, पण ते चूक आहे. मोठ्या चक्रीवादळाला ते लागू पडतं. एका गावाएवढ्या भोवऱ्यावर पृथ्वीच्या परिवलनाचा थेट परिणाम नगण्य असतो. खरं उत्तर भाचेसुनेच्या हातात होतं.

लाटणं पोळपाटावर ठेवा आणि वरून तळहाताने पुढे ढकला. खालची बाजू पोळपाटाने अडवलेली, वरची बाजू पुढे निघालेली, म्हणून लाटणं गरगरतं. अमेरिकेच्या मैदानात वसंत ऋतूत हेच होतं. जमिनीलगत मेक्सिकोच्या आखाताकडून दमट, उबदार वारा येतो आग्नेयेकडून, समजा ताशी ३० किलोमीटरने. दीड किलोमीटर उंचीवर तोच वारा नैर्ऋत्येचा होऊन ताशी ७०-८० ने धावतो. पाच-सहा किलोमीटरवर पश्चिमेचा वारा दीडशेच्या घरात. खालची हवा सावकाश, वरची वेगात. मग मधली हवा आडव्या लाटण्यासारखी फिरू लागते. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, ऊनही पडलेलं असतं.

आता या अदृश्य लाटण्यावर गडगडाटी ढग वाढतो. ढगाच्या पोटात हवा जोराने वर चढत असते. ती लाटण्याला मधोमध उचलते. लाटण्याऐवजी आता पिळलेली ओली चादर डोळ्यांसमोर आणा, कारण लाकूड वाकत नाही. चादर मधून उचलली की तिचे दोन पाय होतात, आणि दोन्ही पायांतली फिरकी आता उभी असते: एकात घड्याळाच्या उलट, दुसऱ्यात सुलट. मग प्रत्येक ढगाखाली जुळे टोर्नेडो का नसतात? इथे जरा नेट लावून वाचा. वारा नुसताच वेगवान होत गेला तर जुळेच होतील. पण वर वर जाताना तो दिशाही बदलतो, आग्नेय, मग नैर्ऋत्य, मग पश्चिम, म्हणजे उजवीकडे वळत जातो. त्यामुळे ढगात शिरणारी हवा लाटण्यासारखी आडवी घरंगळत न येता, लाकडात शिरणाऱ्या गिरमिटासारखी स्वतःभोवती पीळ घेतच शिरते. असा पीळ वर वळला की उलट्या दिशेच्या फिरकीला बळ मिळतं आणि सुलट दिशेची मागे पडते. या पिळाला गणितात हेलिसिटी म्हणतात. त्याचा आकडा काढून हवामानतज्ज्ञ सकाळीच सांगू शकतात की आजचा दिवस वाईट आहे. कोणत्या गावाला, हे नाही सांगता येत.

इथपर्यंत आपल्याला ढगाच्या पोटात, तीन-चार किलोमीटर उंचीवर, काही किलोमीटर रुंदीचा संथ भोवरा मिळाला. हा काही टोर्नेडो नव्हे. पेच असा की लाटणं उभं होता होता ती हवा वरही चढत असते, म्हणजे फिरकी उभी होईपर्यंत ती जमीन सोडून गेलेली असते. मग जमिनीवर काय फिरणार? त्यासाठी वरून खाली येणारी हवा लागते. ढगाच्या मागच्या अंगाला पावसाने गार झालेली हवा खाली कोसळते. या गार हवेच्या आणि शेजारच्या उबदार हवेच्या शिवेवर आणखी आडवी फिरकी तयार होते. कोसळता कोसळता ती उभी होते आणि जमिनीलगत पसरते. नेमक्या त्या जागेवर ढगाची चढती हवा आली तर ती या फिरकीला रबरासारखी वर ताणते. ताणलं की ती बारीक होते. फिरत्या खुर्चीत दोन्ही हातांत जाड पुस्तकं घेऊन हात पसरा, कुणाला तरी गरका द्यायला सांगा आणि हात छातीशी ओढा, काय होतं ते कळेल. त्रिज्या दहापट कमी झाली की हवेचा वेग दहापट वाढतो. अर्धा किलोमीटर त्रिज्येवर ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सायकलीच्या वेगाने फिरणारी हवा पन्नास मीटरवर आली की ताशी १८०! घर्षणाने थोडं घटतं, पण हिशेब हाच.

कोसळणारी हवा जास्त गार असेल तर ती जड होते, वर ताणली जात नाही, आणि सगळा डाव फसतो. बहुतेक वेळा तो फसतोच. असे पुष्कळ फिरते ढग टोर्नेडो न सोडताच विरून जातात. आजचा डॉप्लर रडार, म्हणजे पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही मोजणारा रडार, ढगाच्या पोटातला भोवरा छान दाखवतो, पण पृथ्वी गोल असल्यामुळे दूरच्या ढगाचा तळ त्याच्या किरणाखाली लपतो. शेवटच्या काही शे मीटरांत काय चाललंय ते बहुधा त्याला दिसत नाही. म्हणून अमेरिकेत टोर्नेडोच्या चारपैकी सुमारे तीन इशारे फुकट जातात. लोक हवामान खात्याला नावं ठेवतात, पण चूक यंत्राची नाही, ढगाचा स्वभावच तसा आहे.

१९७४ मध्ये तर रडारवर नुसते पांढरे ठिपके दिसायचे, वारा दिसतच नसे. त्या दिवसाचा खरा अभ्यास नंतर झाला, तो शिकागोच्या टेत्सुया फुजिता यांनी केला. टोर्नेडोच्या तीव्रतेचं एफ-० ते एफ-५ हे माप त्यांचंच. या जपानी शास्त्रज्ञाने १९४५ मध्ये अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेलं नागासाकी पायी फिरून पाहिलं होतं आणि कुठली वस्तू कुठल्या बाजूने भाजली यावरून स्फोटाची उंची काढली होती. ढिगाऱ्यावरून वारा वाचण्याची दृष्टी तिथली. १९७४ च्या उद्रेकानंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून सगळ्या टोर्नेडोंच्या वाटा नकाशावर उतरवल्या. भरल्या किती, तर चार हजार किलोमीटरहून लांब.

एका घराचा फक्त पाया उरलेला आणि शेजारच्या घराच्या कुंड्याही जागच्या जागी, हे दृश्य दर टोर्नेडोनंतर दिसतं. मग 'देवाने तारलं' सुरू होतं, तिथेही आणि इथेही. (शेजाऱ्यावर देवाचा काय राग होता, हे कुणी विचारत नाही.) फुजितांचं म्हणणं असं की मोठ्या भोवऱ्याच्या कडेने छोटे छोटे भोवरे फेर धरून फिरतात, आणि ते ज्या पट्ट्यावरून जातात तिथला वेग एकदम वाढतो. झीनियात एका मुलाने त्या दिवशी आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने चित्रण केलं होतं, त्यात हे छोटे भोवरे स्पष्ट दिसतात. कॅन्ससमधल्या टोपेका शहरात अशीच एक समजूत होती, की गावाबाहेरची टेकडी टोर्नेडोला अडवते. ८ जून १९६६ रोजी टोर्नेडो त्या टेकडीवरूनच शहरात उतरला.

मात्र जिवावर बेतणारी समजूत निराळीच होती, आणि ती शहाण्यासुरत्या लोकांनीच पसरवली होती. टोर्नेडो आला की घराच्या खिडक्या उघडा, नाहीतर बाहेरचा दाब उतरल्यामुळे घर फुग्यासारखं फुटेल! शाळेतल्या पदार्थविज्ञानाला हे पटतं. दाब उतरतो हे खरंच आहे. २००३ मध्ये साउथ डकोटात टोर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या यंत्राने १०० हेक्टोपास्कलची घट नोंदवली, म्हणजे नेहमीच्या दाबाच्या दहावा हिस्सा. पण कुठलंही घर फुग्याइतकं हवाबंद नसतं, आणि भोवऱ्याचा गाभा पोचण्याआधीच उडत्या फळ्यांनी काचा फोडलेल्या असतात. छप्पर जातं ते वाऱ्याने. वरून धावणारा वारा छप्पर वर ओढतो, आणि वाऱ्याच्या तोंडाची खिडकी उघडी असेल तर आत शिरलेला वारा ते खालून ढकलतो. छप्पर गेलं की भिंतींचा आधार गेला. आपण खिडकी उघडतो तेव्हा त्या वाऱ्याला आत घेतो, शिवाय ती दहा सेकंदं काचेसमोर उभे राहतो.

टोर्नेडोत माणूस मरतो तो बहुधा उडत्या वस्तूंनी किंवा अंगावर पडलेल्या भिंतीने. म्हणून सल्ला अगदी रुक्ष आहे: तळघरात जा. तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर, मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत, न्हाणीघरात किंवा कपाटाच्या कोनाड्यात बसा आणि डोकं झाका. तिथली फिरती घरं, म्हणजे पायाशिवाय नुसती ठेवलेली पत्र्या-फळ्यांची घरं, वेळीच सोडा. घरात मेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास अशाच घरांतले असतात. रस्त्यावर असाल तर पुलाखाली उभे राहू नका. १९९१ मध्ये पुलाखाली वाचलेल्या काही जणांचं चित्रण गाजलं आणि लोकांनी तेच उचललं. मे १९९९ मध्ये ओक्लाहोमात पुलांखाली माणसं मेली, कारण अरुंद जागेतून वारा आणखी जोरात जातो.

एवढं सगळं कळून, डॉप्लर रडार बसवून, २७ एप्रिल २०११ रोजी काय झालं? सरासरी वीस मिनिटांहून जास्त आधी इशारे गेले होते. अलाबामातल्या टस्कलूसा शहरात शिरणारा टोर्नेडो लोक टीव्हीवर थेट पाहत होते. तरी एका दिवसात तीनशेहून जास्त बळी गेले, सर्वाधिक अलाबामात. पहाटेच आलेल्या वादळाने लाखो घरांची वीज घालवली होती, हवामान रेडिओची काही केंद्रं बंद पडली होती, आणि दुपारी खरं संकट आलं तेव्हा अनेकांना कळायला साधनच नव्हतं. महिनाभराने मिसुरीतल्या जॉप्लिन शहरात दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथल्या चौकशीत निघालं की पहिला भोंगा ऐकून बहुतेक लोक हललेच नाहीत. टीव्ही लावला, दारात येऊन आकाश पाहिलं, शेजाऱ्याला फोन केला. चारपैकी तीन इशारे फुकट गेलेल्या माणसाचं हे वागणं मला अजिबात मूर्खपणाचं वाटत नाही. मी तरी काय वेगळं केलं असतं?

परवा भाचेसुनेशी व्हिडिओवर बोलताना हे सगळं तिला ऐकवलं. तिने फोन उचलला आणि मला तळघराच्या जिन्याशी नेलं. खुंटीला सायकलची चार हेल्मेटं टांगलेली होती. २०११ नंतर अलाबामातल्या संशोधकांनी हाच सल्ला दिला होता, म्हणून शाळेतून मुलांमार्फत चिठ्ठी आली होती म्हणे. खाली एक बॅटरीवरचा रेडिओ, बिस्किटांचे पुडे आणि तांदळाची दहा किलोची पिशवी. "तांदूळ कशाला?" मी विचारलं. "तो टोर्नेडोसाठी नाही मामा," ती म्हणाली, "वर जागा नाही."